चावडीच्या भिंतीवरची बारा नावं

सोमवारी सकाळी एसटीतून उतरले तेव्हा चावडीच्या भिंतीवरचं सातवं नाव दिसत नव्हतं. वरची सहा जागेवर होती, खालची पाच जागेवर होती. मधल्या एका ओळीवर शेण होतं.

ती भिंत मीच रंगवली होती. आधी एक दिवस लाल रंग दिला. तो वाळल्यावर निळीत भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून सोडली, म्हणजे सरळ रेघ उमटते. मग रेघांच्या मध्ये पांढऱ्या ऑइल पेंटनं अक्षरं. वर मथळा, 'अतिगरीब कुटुंबे', आणि खाली बारा नावं. शुक्रवारचा सगळा दिवस त्यात गेला. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे, पण अक्षर चांगलं आहे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, म्हणून संस्थेत मला बोलायचं काम कुणी देत नसे. लिहायचं असलं की मात्र बोलावत.

आमची संस्था अंबड तालुक्यातल्या काही गावांत काम करायची. मी गाव कार्यकर्ती होते. म्हणजे सकाळी नेमून दिलेल्या गावात जायचं, घरोघरी फिरायचं, बायकांना मीटिंगला गोळा करायचं आणि ऑफिसला रिपोर्ट द्यायचा. या गावाचं नाव लिहीत नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे, पण त्यातली पुष्कळ माणसं अजून आहेत.

त्या वर्षी संस्थेकडे घरावर घालायचे पत्रे येणार होते. बारा घरांना पुरतील एवढे. गावात घरं दीडशेच्या वर. कुणाला द्यायचे हे ठरवायला आम्ही रँकिंग केलं. रँकिंग म्हणजे गावानं आपली घरं आपणच लावायची. एकेका घराची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर घरातल्या कर्त्याचं नाव, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी एक खूण, लिंबाचं पान, विळा, घागर अशी. मग चिठ्ठ्यांचे चार ढीग करायचे. पहिल्यात बरं चाललेली घरं, चौथ्यात अजिबात न भागणारी. पुरुषांनी वेगळे करायचे, बायकांनी वेगळे, आणि नंतर दोन्ही ताडून पाहायचे.

पुरुष मारुतीच्या पारावर बसले आणि अर्ध्या तासात मोकळे झाले. त्यांनी जमीन पाहिली, बैल पाहिले, घराणं पाहिलं. बायकांना मात्र सगळी दुपार लागली. वैशालीताईंनी त्यांना विचारलं, "गरीब घर ओळखायचं कसं?" ताई औरंगाबादला समाजकार्याचं कॉलेज शिकून आल्या होत्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण माझ्या वरच्या. मी त्यांना ताई म्हणायची, त्या मला शांताबाई.

कुणी म्हणालं, जिच्याकडं एकच लुगडं ती. कुणी म्हणालं, जी दुसऱ्याच्या वावरात जाती ती. भागाबाई म्हणून एक म्हातारी होती, कुणाला न भिणारी. ती म्हणाली, "ते खोटं हाय. पाहुणा आल्यावर जी वाटी घिऊन साखर मागायला येती ना, ती गरीब न्हाई. परत द्यायची ताकद हाय म्हणून येती ती. जी मागायलाच येत न्हाई, तिच्याकडं बघा."

ताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. भागाबाईनं तेवढ्यात दुसऱ्या ढिगातली एक चिठ्ठी उचलून चौथ्यात टाकली.

"चंद्रकला माझी शेजारीण हाय," ती म्हणाली. "चार सालं झाली, माझ्या दारात वाटी घिऊन आली न्हाई."

ती चिठ्ठी लिंबाजीच्या घराची होती. लिंबाजी पाटलांच्याच भावकीतला. आडनाव तेच. वाटण्या होत होत त्याच्याकडे खडकाळ दोन एकर राहिलं होतं. पण फेटा स्वच्छ बांधायचा, चालायचा ताठ. म्हणून पुरुषांनी त्याला दुसऱ्या ढिगात ठेवलं होतं. त्याची बायको चंद्रकला त्या दिवशी मीटिंगला नव्हती. ती शेजारच्या गावाला हरभरा उपटायला गेली होती. आपल्या गावात मजुरीला गेलेलं भावकीनं बघू नये, म्हणून ती दोन कोस चालत दुसरीकडे जायची. हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि लिंबाजी सोडला तर एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं.

दोन्ही ताडून, फरक पडला तिथं बायकांचं धरून, अशी बारा घरं निघाली. लिंबाजीचं सातवं.

यादी भिंतीवर लिहायची हा आमच्या सरांचा नियम. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. नियम काही वाईट हेतूनं केला नव्हता. पूर्वी एका दुसऱ्या योजनेत यादी कागदावरच राहिली होती, आणि गरिबांचे पत्रे कुणाकुणाच्या गोठ्यावर चढले होते. ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. म्हणून सर म्हणायचे, "पारदर्शकता. सगळं भिंतीवर. कुणालाही वाचता आलं पाहिजे."

शुक्रवारी मी नावं लिहीत होते तेव्हा चंद्रकला कामावरून परत येत होती. डोक्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी. थांबली.

"बाई, आमचं नाव जरा बारीक लिहिता यील का?"

"सगळी एका मापात असतात," मी म्हणाले.

"व्हय. ते बी बराबर हाय."

जराशी उभी राहिली आणि निघून गेली. मी ब्रश पुसला आणि पुढचं नाव घेतलं. मला वाटलं, लाजते आहे. खरं सांगायचं तर मी माझ्या अक्षराच्या नादात होते.

सोमवारी दहाच्या सुमारास ताई मोपेडवर आल्या. तोवर भिंतीपुढे दहा-पंधरा माणसं जमली होती.

"हे कुणी केलं?" ताईंनी विचारलं.

चहाच्या टपरीवरचा एक जण म्हणाला, "त्यात काय इचारायचं ताई? पाटलाच्या घरचं काम हाय. भावकीतला माणूस गरिबात लिहिला. नाक कापलं की त्यांचं."

लिंबाजी तिथंच उभा होता. तो पाटलांच्या वाड्याकडे बघून जोरात बोलला, "हिम्मत आसंल तर सामने येऊन पुसा म्हणावं!"

ताईंचा चेहरा लाल झाला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शांताबाई, हीच ती दादागिरी. गरिबाला यादीतसुद्धा राहू द्यायचं नाही. नाव परत लिहा, आधीपेक्षा ठळक. शनिवारी पत्रे देणारे पाहुणे व्हिजिटला येणार आहेत. ते भिंतीवरचं एकेक नाव घेऊन घर बघणार. आणि बुधवारच्या मीटिंगमध्ये मी पाटलांना सरळ विचारणार आहे."

मी बादली घेऊन शेण धुवायला गेले. जवळ गेल्यावर माझा हात थांबला.

फेकलेलं शेण आणि सारवलेलं शेण वेगळं असतं. रागानं फेकलं की त्याचे शिंतोडे उडतात, ओघळ येतात. हे तसं नव्हतं. चारी काठ सरळ होते. आत बोटांच्या अर्ध्या चंद्रकोरी एकाशेजारी एक, जमीन सारवताना उमटतात तशा. वरच्या सहाव्या नावाच्या उकाराला धक्का लागला नव्हता. खालच्या आठव्याच्या वेलांटीवर थेंब नव्हता. शेणात माती बेतानं मिसळलेली होती, म्हणून तडा गेला नव्हता. एवढ्या जपून दुसऱ्याचं नाव कुणी पुसत नाही.

मी बादली खाली ठेवली. ताईंना म्हणाले, "पाणी पुरायचं न्हाई, दुपारून धुते."

दुपारी चंद्रकलेच्या घरी गेले. पऱ्हाट्यांचा कूड, वर उसाचं पाचट. ती दारात डाळ निवडत बसली होती. मोठी मुलगी सुनीता पाण्याला गेली होती.

मी बसले. तिच्या सुपातली थोडी डाळ पुढ्यात ओढून निवडायला लागले. शेवटी म्हणाले, "चंद्रकलाबाई, भिंत तुमी सारवली?"

तिनं मान वर केली नाही. "बरी सारवली न्हाई का?"

"लै बरी सारवली. म्हणून तर वळखली."

ती हसली आणि मग पदर तोंडाशी धरला.

"गुरुवारी आष्टीकडचे पाहुणे सुनीताला बघायला यायलेत," ती म्हणाली. "एसटी चावडीपुढंच थांबती. उतरले की समोर काय? आमचं नाव. पोराचा मामा मास्तर हाय. मास्तर लोकाला भिंत दिसली की वाचल्याबिगर ऱ्हावत न्हाई."

"पण घर तर बघतीलच की ते. हे पाचट दिसणारच."

"दिसू द्या. घर वंगाळ दिसलं तर माणूस म्हणतो, औंदा पिकलं न्हाई, फुडल्या साली बांधतील. भिंतीवर लिहिलं की मंग ते पक्कं झालं. ऑइल पेंट हाय ना ते."

तो रंग पावसानं जाणार नाही याची मीच खात्री करून घेतली होती.

"नाव काढलं तर पत्रे जातील," मी म्हणाले.

"मला का पत्रे नको हायेत?" तिचा आवाज चढला. "मागल्या पावसात मागची बाजू बसली. लेकरं घिऊन देवळात झोपलो. पायजेत मला पत्रे. पण पोरीचं मोडलं तर पत्र्याखाली बसून करू काय?"

"मालकाला माहीत आहे का, तुमी सारवलं ते?"

"बिलकुल न्हाई. ते सकाळधरनं पाटलाला शिव्या देऊन राह्यले. देऊ द्या. तेवढंच त्यांला बरं वाटतं."

उठताना तिनं माझा हात धरला. "बाई, कुणाला सांगू नका."

मी हो म्हणाले. हो म्हणायला सोपं होतं. बुधवारच्या मीटिंगमध्ये पाटलांवर नसता आळ येणार होता, शनिवारी पाहुणे सातवं नाव शोधणार होते, आणि मध्ये गुरुवारी एसटी येणार होती.

घरी जाण्याआधी मी बाकीच्या अकरा घरी जाऊन आले. विचारलं एवढंच की भिंतीवर नाव आहे ते कसं वाटतं. आधी कधी विचारलं नव्हतं. चार-पाच जण म्हणाले, पत्रे मिळणार म्हणून गप बसलो. सरूबाई नावाची विधवा म्हणाली, "शाळंत पोरं माझ्या पोरीला 'तीन नंबर' म्हणायलेत." तिचं नाव यादीत तिसरं होतं. तीन दिवसांत पोरांना ते पाठ झालं होतं.

सगळेच दुखावले होते असं नाही. किसनबाबा म्हणून एक म्हातारा होता. तो खूश होता. "जल्मात पैल्यांदा माझं नाव कुठं लिहिलंय," तो म्हणाला. "फकस्त फुडं 'राव' ऱ्हायला बघा. किसनराव. जागा हाय का तिथं?" मी म्हणाले, जागा आहे. त्यालाही मी खोटं पाडू शकत नाही. म्हणून इथं लिहिलं.

मंगळवारी अंबडच्या ऑफिसात ताईंच्या टेबलापुढे उभी राहिले. दोन वर्षांत मी त्यांच्याशी कामापलीकडे बोलले नव्हते.

"ताई, नाव परत लिहायचं नाही."

"का? पाटलांनी धमकी दिली का तुम्हाला?"

"पाटलाचा संबंध नाही. ज्याचं नाव होतं त्याच घरातून ते पुसलं आहे. त्यापुढे मला विचारू नका."

ताई एकदम मागं टेकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना आपल्या हक्काची जाणीवच नाही. लाज कसली त्यात? गरिबी हा काय त्यांचा गुन्हा आहे?"

"गुन्हा नाही ताई. पण नावं भिंतीवर गुन्हेगाराचीच लावतात. पोलीस ठाण्यात."

हे मी कसं बोलले ते मला माहीत नाही. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"पण गावानंच ठरवलंय ना?" त्या म्हणाल्या. "आपण काही लादलं नाही. सगळ्यांसमोर झालंय."

"ठरवलं गावानं. लिहिलं आपण. शिवाय ज्यांचं लिहिलं त्यांना विचारलं नाही. मीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्यातल्या एकीनं नाव बारीक लिहा म्हणून सांगितलं, तर मी माप सांगितलं."

"तुम्ही त्यांच्या जागी असता तर?"

"मी आहेच ताई," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात आमच्या गावाची भिंत आहे."

माझं घरही कुडाचंच होतं. नवरा अंगावर भिंत पडून जायबंदी झाल्यापासून माझ्या पगारावर पाच माणसं होती. रँकिंग झालं तर माझी चिठ्ठी चौथ्या ढिगात जाणार हे आमच्या गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. आणि ती यादी चांगल्या अक्षरात लिहायचं काम माझ्याकडेच येणार होतं. ताईंना हे माहीत नव्हतं. त्यांचं चुकलं असं नाही. मी रोज धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून येत होते. चंद्रकलेनं फेटा धुवून द्यावा तसंच ते होतं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ताई म्हणाल्या.

"तुमी कधी घरी आला नाहीत," मी म्हणाले. म्हणून झाल्यावर मला भीती वाटली. नोकरी गेली असं वाटलं. पण ताई उठल्या आणि सरांच्या खोलीत गेल्या.

सरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "भिंत काढली की परत पत्रे गोठ्यावर! चार दिवसांवर व्हिजिट आहे, मी त्यांना दाखवू काय?" ताईही काही कमी बोलल्या नाहीत. शेवटी ठरलं की बुधवारची मीटिंग फक्त बायकांची घ्यायची, सर स्वतः गावात येतील आणि तिथंच निकाल होईल.

बुधवारी समाजमंदिरात चाळीसएक बायका आल्या. चंद्रकला मागं खांबाला टेकून बसली होती. कामाचा खाडा करून आली होती. सरांना खुर्ची दिली. ताईंनी पाटलांचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भिंतीवरची नावं ठेवायची का काढायची, हे आज तुम्ही सांगायचं."

सर म्हणाले, "बघा, नावं काढली तर उद्या कुणीही पत्रे पळवील. मग संस्थेला बोल लावायचा नाही."

सरूबाई हळूच म्हणाली, "ते बी खरं हाय सर. पण पोरगी शाळंत जाईना झालीय."

"मुलांना आपण समजावून सांगू."

"कुणाकुणाला सांगता?" भागाबाई म्हणाली. "अन् मला येक सांगा सर. पत्रे गेल्यावर चोर कोण आस्तो? घेणारा का वाटणारा?"

"वाटणाराच असतो बहुतेक."

"मंग वाटणाऱ्याचं नाव लिहा की भिंतीवर! घेणाऱ्याचं कामून लिहिता? आमच्या सरूनं कुणाचे पत्रे पळवले? पत्रे किती आले, कोणाच्या हातात आले, कोण वाटणार, ते लिहा. तुमचं लिहा, सरपंचाचं लिहा, ह्या ताईचं लिहा. घरं बारा, एवढं लिहिलं की बास. कोणती बारा ते आमाला ठावं हाय."

बायका हसायला लागल्या. सर खुर्चीत सावरून बसले.

"माझं नाव कशाला?" ते म्हणाले. "म्हणजे, तसं काही नाही. पण उद्या काही कमीजास्त झालं, तर येणारा-जाणारा वाचणार. नाहक बोभाटा."

हे बोलून सर थांबले. ताईंनी खाली बघितलं. भागाबाईनं बोलायला तोंड उघडलं होतं, पण मिटून घेतलं. सर हुशार माणूस होते. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाले, "शांताबाई, लाल रंग शिल्लक आहे का?"

"अर्धा डबा आहे सर."

"मग नावं झाका. आजच."

यादी रजिस्टरमध्ये राहिली. रजिस्टर बायकांच्या मीटिंगमध्ये, मागेल तिला दाखवायचं. पत्रे उतरवताना मोजायला भागाबाई आणि आणखी दोघी. हे सगळं तिथंच ठरलं. शेवटी लिंबाजीचं नाव यादीत आहे का असं कुणीतरी विचारलं. ताई म्हणाल्या, "आहे." चंद्रकलेनं वर बघितलं नाही, पण खांबाचा टेका सोडून सरळ बसली.

गुरुवारी भिंत कोरी लाल होती. आष्टीकडचे पाच जण एसटीतून उतरले. मास्तर मामा खरंच भिंतीपुढे थांबले. जवळ जाऊन रंगाखाली काही दिसतं का ते बघायला लागले.

"इथं काय लिहायचंय?" त्यांनी विचारलं.

भागाबाई मुद्दाम तिथं येऊन बसली होती. "तुमच्या स्वागताचं लिहिणार होतो पाव्हणं. पण आमची पेंटरीण लै लाजरी हाय. माणसं बघितली की ब्रश टाकून पळती."

मी टपरीच्या मागं उभी होते. मामा हसले आणि पुढे गेले.

शुक्रवारी मी नवी भिंत लिहिली. येणारे पत्रे एवढे, घरे बारा, वाटप करणारे, आणि खाली सरांचं, सरपंचांचं, ताईंचं आणि शेवटी माझं नाव. स्वतःचं नाव दोनदा लिहावं लागलं. पहिल्यांदा वाकडं आलं, रॉकेलनं पुसून परत लिहिलं. सरपंचांनी दोनदा माणूस पाठवून विचारलं, आपलं नाव वगळता येईल का. ताई म्हणाल्या, नाही. शनिवारी पाहुणे आले. सरांनी त्यांना भिंतीपुढे उभं करून कल्पना नीट समजावून सांगितली. इतकी नीट की ती त्यांचीच वाटावी. भागाबाईचं नाव त्यात आलं नाही. सर भिंतीवरच्या आपल्या नावाशेजारी उभे राहिले आणि पाहुण्यांनी त्यांचा फोटो काढला. बारा घरं मी त्यांना फिरून दाखवली, पण आधी प्रत्येक घरी विचारून. एका घरानं नको म्हटलं. तिथं नेलं नाही.

सुनीताचं जमलं. वैशाखात लग्न झालं. पत्रे त्याआधीच आले होते. चंद्रकलेच्या वाटणीचे लग्न होईपर्यंत भागाबाईच्या गोठ्यात कडब्याखाली राहिले, आणि पावसाच्या तोंडावर चढले. गावातल्या एकाही बाईनं व्याह्यांच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. पत्रे कुठं ठेवलेत ते गावातल्या पुरुषांना सांगितलंच नव्हतं. लिंबाजी पुढे कितीतरी दिवस पाटलांशी बोलत नव्हता. ते मात्र कुणालाच सुधारता आलं नाही, कारण सुधारायचं तर खरं सांगावं लागलं असतं. किसनबाबाच्या दारावर मी उरलेल्या पांढऱ्या रंगात 'किसनराव' असं लिहून दिलं. त्याचं नाव होतं, त्याला हवं होतं, तिथं मला काही अडचण दिसली नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या गावात रँकिंग झालं. ताई आदल्या दिवशी माझ्या घरी आल्या, घोंगडीवर बसल्या, चहा प्यायल्या. माझी चिठ्ठी चौथ्या ढिगात गेली. पण कार्यकर्तीला लाभ घेता येत नाही असा संस्थेचा नियम आहे. त्यामुळे मला पत्रे मिळाले नाहीत. घर पुढे आम्ही आमचंच हळूहळू बांधलं.

त्यानंतर मी आणखी चौदा वर्षं हे काम केलं. सर्वे आले, फॉर्म आले, याद्या आल्या. प्रत्येक वेळी नाव लिहायच्या आधी मी साहेबांना एक प्रश्न विचारायची, "हे कोण कोण वाचणार?" बहुतेक साहेबांना ते माहीत नसायचं. मग मी म्हणायची, आधी विचारून या, तोवर मी दुसरं काम करते.